दुसऱ्या अंतऱ्यातला हुंदका

४ जानेवारी

बारके,

पत्राच्या सुरुवातीला मोठ्या बहिणीनं आशीर्वाद लिहायचा असतो. तो लिहिला असं समज. तुला सध्या सगळीकडून इतके मिळतायत की माझा एक कमी पडला तर कळणारही नाही.

तुझ्या सेक्रेटरीबाईंनी पाठवलेलं सत्काराचं निमंत्रण मिळालं. जाड कागद, सोनेरी अक्षरं, आणि वर तुझा तो फोटो, ज्यात मानेवर एकही सुरकुती नाही. खाली लिहिलंय, 'आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे.' आपली! अगं, तुझे पुढचे दोन दात मी पाडलेत, दाराच्या कडीला दोरा बांधून. त्यानंतर महिनाभर तू 'स' म्हणायला गेलीस की शीळ वाजायची आणि मी हसून लोळायची. आणि आता मी 'आपली' झाले.

निमंत्रण रद्दीत टाकलं असतं आणि गप्प बसले असते. पस्तीस वर्षं बसलेच आहे की. पण परवा तुझी मुलाखत वाचली. त्या गाण्याबद्दल तुला विचारलंय, ज्यातल्या दुसऱ्या अंतऱ्यात 'परतून' म्हणताना हुंदका येतो. तू म्हणतेस, 'तो हुंदका आईमुळे आला. माइकसमोर उभी होते, आईची आठवण झाली आणि आवाज फुटला.' मुलाखत घेणारीनं लिहिलंय की हे सांगताना तुझे डोळे भरून आले.

आवाज फुटला म्हणे. तुझा आवाज कशानंही फुटत नाही बाई. अंगात ताप असताना तू तीन गाणी करून आलीस आणि चौथं का नाही म्हणून चिडलीस. ते तुझं मोठेपण आहे, मी नाकारत नाही. पण हुंदका तुझ्या गळ्यात नव्हता, तो तुला बाहेरून आणावा लागला. कुठून आणला ते सांगू शकणारे संगीतकार मास्तर गेले, रेकॉर्डिस्टही गेला. म्हणून मीच लिहिते. एकदा कागदावर राहू दे.

तू तीन आठवडे परदेशी कार्यक्रम करत होतीस. शूटिंगची तारीख ठरलेली. मग नेहमीप्रमाणे मला बोलावणं आलं, डमी गायला. तू गावात नसलीस की मी गायचं, माझ्या आवाजावर हिरॉईननं ओठ हलवायचे, मग तू येऊन माझा आवाज पुसायचा आणि त्या जागी तुझा भरायचा. अशी बावीस गाणी झाली. मी मोजली नाहीत असं लिहिणार होते, पण मोजली आहेत.

या खेपेला मात्र मास्तर तालमीत म्हणाले होते, 'मोठे, ही तुझ्या गळ्याची चीज आहे. चांगलं झालं तर पुसणार नाही.' मी चाळीस वर्षांची बाई, घरी येऊन आरशासमोर हसले. तीन दिवस कुणाशी जास्त बोलले नाही, आवाज खर्च होईल म्हणून.

आणि रेकॉर्डिंगच्या दिवशी काय झालं ते ऐक. काचेपलीकडून गायकाशी बोलायला एक बटण असतं. ते दाबलं की तिकडचं बोलणं आपल्या हेडफोनमध्ये येतं. आपल्या वेंधळ्या रेकॉर्डिस्टनं नेमकं त्या बटणावर आपलं जाडजूड रजिस्टर ठेवलं. मी दुसऱ्या अंतऱ्यात होते आणि वाद्यांच्या वरून मास्तरांचा आवाज आला. 'छान गाते हो. पण ठेवता नाही यायचं. सकाळीच धाकटीचा निरोप आला. ताईचा आवाज ठेवलात तर तुमच्याकडे पुन्हा गाणार नाही म्हणते.'

मी 'परतून' या शब्दावर होते. 'पर' म्हटलं आणि पुढे छातीत काहीतरी अडकलं. 'तून' आलं, पण जरा उशिरा आलं. मी थांबले नाही, गाणं पुरं केलं. डमीच तर आहे, म्हणून पुन्हा घेतलंही नाही. मास्तरांनी काचेपलीकडून छान म्हणून अंगठा वर केला, मीही केला.

पुढचं तुला माहीत आहे. हिरॉईन हुशार होती. तिनं माझं गाणं ऐकून ऐकून पाठ केलं आणि कॅमेऱ्यासमोर बरोबर त्या जागी तिचे ओठ थांबले, गळा हलला. दिग्दर्शक खूश. मग तू आलीस, आणि पडद्यावर ती जिथे थांबते तिथे तुला थांबणं भाग पडलं. म्हणजे माझा हुंदका तू नकलून घेतलास. तो मला तुझ्या निरोपामुळे आला होता. आईला कशाला मध्ये ओढतेस?

आई शेवटची चौदा वर्षं माझ्याकडे होती, तुझ्या दहा खोल्या सोडून माझ्या दोन खोल्यांत. ते गाणं रेडिओवर लागलं की दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी उठायची आणि बंद करायची. गुडघे इतके दुखायचे तिचे, तरी भिंतीला धरून जायची. तुझ्यापेक्षा तिला माझं जास्त कळत होतं.

तुझी,
ताई

१३ जानेवारी

बारके,

'मॅडमना आपलं पत्र दिलं आहे. व्यग्रतेमुळे उत्तरास विलंब होईल.' हे तुझ्या सेक्रेटरीबाईंचं उत्तर. बरं झालं, निदान शुद्धलेखन चांगलं आहे त्यांचं.

विलंब होणार असेल तर तेवढ्यात माझी एक बातमी ऐक. रेकॉर्डिस्टची मुलगी येऊन गेली. वडिलांचं कपाट आवरत होती, त्यात टेपांचे डबे निघाले. त्यातल्या एकावर त्याच्या गिचमिड अक्षरात लिहिलंय, 'डमी, मोठी, पुसू नये.' त्यानं पुसली नव्हती बघ. तिनं ती दुकानातून आजच्या यंत्रावर उतरवून आणली आणि माझ्या टेबलावर ठेवली. 'बाबा म्हणायचे, ही मोठ्या बाईंची चीज आहे,' एवढं बोलून गेली. चहाही घेतला नाही.

मी ऐकली. एकदाच. पुन्हा ऐकायचा धीर झाला नाही.

आता माझं म्हणणं सरळ आहे. समारंभात तू बोलशीलच. तेव्हा माइकसमोर एक वाक्य बोलायचं. तो हुंदका माझ्या ताईचा होता. बस्स. मला हार नको, खुर्ची नको, पहिल्या रांगेत बसायचं तर मुळीच नको. तू बोलली नाहीस तर तुझं चरित्र लिहिणाऱ्या बाई आहेत ना, त्यांना ही टेप देईन. त्यांनी दोनदा फोन केला, 'बालपणीचा एखादा फोटो आहे का' म्हणून. फोटोबरोबर टेपही देईन.

तुला वाटेल म्हातारीला आता काय हौस आली. सांगते काय हौस आली ते. गेल्या आठवड्यात एक दहा वर्षांची पोर शिकायला आली. परीक्षेला तुझंच गाणं बसवायचंय. गोड गळा आहे. पण 'परतून'पाशी आली की थांबते, खांदे उडवते आणि उचकी लागल्यासारखं करते. मी म्हटलं, हे नको करू, सरळ म्हण. तर तिची आई म्हणते, 'बाई, त्या हुंदक्यालाच तर मार्क असतात. तुम्ही मूळ गाणं एकदा नीट ऐका.'

मी मूळ गाणं नीट ऐकावं. मी हो म्हटलं आणि पोरीला हुंदका शिकवला. दहा वर्षांच्या मुलीला रडण्यासाठी श्वास कुठे तोडायचा ते दाखवत बसले होते मी, पेटीवर हात ठेवून.

तुझी,
ताई

२१ जानेवारी

बारके,

तुझा ड्रायव्हर फळांची टोपली देऊन गेला. वर रिबीन, आत एक कार्ड, त्यावर तुझी छापील सही. मी काय दवाखान्यात पडले आहे? संत्री शागिर्दांना वाटून टाकली. एका पोरीनं विचारलं, 'खरंच त्यांनी पाठवली?' आणि साल खिशात ठेवली. तुझ्या संत्र्याच्या सालीलाही मान आहे बाई.

बोलायचं टाळतेस तू. लहानपणीही तशीच होतीस. काही फोडलंस की आधी येऊन मला बिलगायचीस, म्हणजे मी ओरडणार नाही. आणि मी ओरडायची नाही. उलट आईला सांगायची, माझ्याच हातून फुटलं.

काल आपलं पहिलं रेकॉर्डिंग आठवलं. तू नऊ, मी चौदा. दोघींना मिळून एकच माइक, आणि तुझ्या पायाखाली लाकडाचं खोकं, उंचीला. माझा आवाज मोठा होता, तो तुला झाकून टाकत होता. मग आईनंच मला कोपराला धरून दोन पावलं मागे घेतलं. रेकॉर्ड आल्यावर ऐकलं तर तू जवळ, अगदी कानाशी, आणि मी कुठेतरी लांब, पलीकडच्या खोलीतून गातेय अशी. आई येईल त्याला कौतुकानं सांगायची, 'मोठीचा आवाज दमदार, म्हणून तिला मागे उभं करावं लागलं.' मलाही अभिमान वाटायचा त्याचा. तुझ्या तारखा ती बघायला लागली, फोन ती घ्यायला लागली, मानधन ठरवायला लागली, तरी माझ्यासमोर तुझी कधी बढाई मारली नाही तिनं. निदान एक माणूस तरी माझ्या बाजूचं होतं. तेवढ्यावर मी दिवस काढले.

समारंभाला सोळा दिवस राहिले. एक वाक्य, बारके. टाइप करून पाठवू का?

तुझी,
ताई

२९ जानेवारी

खोटं आहे.

तुझं पत्र आलं. या वेळी हातानं लिहिलेलं, अक्षर वेडंवाकडं झालंय, हात थरथरतो वाटतं. पण खोटं ते खोटंच. मेलेल्या माणसावर ढकलायला सोपं असतं. ती उठून नाही म्हणत नाही.

तू लिहितेस, निरोप तू दिलाच नव्हता. तू परदेशात होतीस, तुला गाण्याचा पत्ताही नव्हता. मास्तरांना फोन आईनं केला, तुझं नाव सांगून. तू परत आलीस तेव्हा मास्तर म्हणाले, 'तुमच्या अटीप्रमाणे जागा मोकळी ठेवलीय,' आणि तुला तेव्हा कळलं. लिहितेस, आईला विचारलं तर ती म्हणाली, 'लोक तुम्हा दोघींना शेजारी शेजारी ठेवून बघायला लागतील आणि मग एक पडेल. त्यापेक्षा एक तरी वर राहू दे. ताईला सांगू नकोस.'

आणि वर लिहितेस, 'समारंभात मी तू म्हणतेस ते वाक्य बोलते. पण मग लोक विचारणार, ताईला हुंदका का आला. आता मला अर्धं सांगायचं नाहीये. सांगितलं तर आईचंही सांगेन. तू ठरव.'

मी काय ठरवू? माझी आई असं करणार नाही. चौदा वर्षं तिला अंघोळ मी घातली, तिची नखं मी कापली. तुझी चाल आहे ही. टेप मी उद्याच त्या बाईंना देते.

२ फेब्रुवारी

बारके,

टेप दिली नाही. बाई आल्या होत्या. त्यांना आपल्या दोघींचा खोक्यावरचा फोटो दिला. त्यात मी अर्धीच आले आहे, खांदा आणि एक वेणी. त्यांनी विचारलं, 'मागे कोण?' मी म्हटलं, मीच.

गेले चार दिवस घरात नुसत्या येरझाऱ्या घालतेय. तुझं पत्र अकरा वेळा वाचलं. त्यातलं एक वाक्य तू सहज लिहून गेलीस, पण माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. डबिंगच्या दिवशी आई तुझ्याबरोबर होती. रेकॉर्डिस्टनं तुला ऐकवायला माझी डमी लावली. त्याला रजिस्टर बटणावर सापडलं होतं, त्यानं ओशाळून तुम्हाला सांगितलं की मोठीनं सगळं ऐकलं असणार, म्हणूनच आवाज असा अडकला. आणि दुसऱ्या अंतऱ्यात ती जागा आली तेव्हा आई उठून बाहेर गेली.

दोन महिन्यांनी ती ट्रंक घेऊन माझ्या दारात आली. मी तेव्हा विचारलं, 'बारकीशी भांडलीस का?' म्हणाली, 'नाही गं, तुझ्याकडे बरं वाटतं.' मला किती आनंद झाला होता. सगळ्यांना सांगत सुटले, आई माझ्याकडे आली, तिला सोडून माझ्याकडे आली.

आणि तो रेडिओ. चौदा वर्षं मला वाटलं, माझं मन दुखू नये म्हणून ती बंद करते. माझ्यासाठी नव्हतं गं ते. तिलाच ऐकवत नव्हतं.

शेवटच्या महिन्यात एकदा दुपारी म्हणाली, 'म्हण ना ते एकदा.' मी विचारलं, कुठलं? ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्या आवडीचं एक जुनं म्हटलं. ती ऐकत होती, पण तिला ते नको होतं. आज कळतंय कुठलं हवं होतं. तिला सांगायचं होतं की काय कोण जाणे, आणि मी दुसरंच गात बसले.

मला तिचा राग आलाय. इतका की काल तिचा फोटो भिंतीवरून काढला, टेबलावर पालथा ठेवला, मग संध्याकाळी पुन्हा लावला. मी तिच्यावर ओरडले सुद्धा. म्हटलं, मला विचारायचं तरी होतंस. मी स्वतःच मागे झाले असते. तुला माहीत होतं की मी झाले असते. शेजारीण दार वाजवून बघून गेली, बरं आहे ना म्हणून.

आता तुझं. तुला माफ केलं असं समजू नकोस. फोन तू केला नाहीस, हे मानलं. पण तू लिहिलंयस ना, 'गाणं मला हवं होतं, ताई. आईनं केलं ते माझ्या सोयीचं होतं, म्हणून गप्प बसले.' खरं लिहिलंस, बरं वाटलं. पण पस्तीस वर्षं मी तुला पाण्यात पाहिलं आणि तू पाहू दिलंस. त्यात काही उपकार केलेस असं मनात असेल तर काढून टाक. मला तुझा राग करणं सोपं होतं. तू लांब होतीस, मोठी होतीस, वर्तमानपत्रात होतीस. आता तो राग ज्या बाईवर करायचा तिची औषधाची वाटी अजून माझ्या फडताळात आहे. मी काय करू तिचं?

समारंभात काही बोलू नकोस. मी ठरवलं. माझं नाव हवं तर तिचंही घ्यावं लागेल, आणि हजार लोकांच्या समोर तिला मी उभी करणार नाही. ती माझ्या हातात गेली आहे. भांडण माझं आणि तिचं आहे, ते या दोन खोल्यांत होईल. तुझी मुलाखत आहे तशी राहू दे. हुंदका आईमुळे आला म्हणालीस. बोलताना खोटं बोलत होतीस, पण निघालं खरंच.

मी येणार नाही. निमंत्रणाचा जाड कागद त्या दहा वर्षांच्या पोरीला दिला, तिनं तो वहीत चिकटवलाय. तुझा हात थरथरतो, तो डॉक्टरला दाखव. आणि सेक्रेटरीबाईंना सांग, मला पत्र लिहायचं तर तू लिही.

एक राहिलं. आज सकाळी रेडिओवर ते लागलं. तुझा सत्कार आहे म्हणून सध्या उठता बसता लावतात. मी भांडी पुसत होते. पहिला अंतरा झाला आणि मी फडकं खांद्यावर टाकून, भिंतीला धरून, रेडिओकडे निघाले. माझे गुडघेही आता दुखतात. बटणावर बोट ठेवलं आणि लक्षात आलं की मी आईसारखीच उभी आहे, हुबेहूब, एक हात भिंतीला, मान खाली.

बंद केला नाही. तसंच उभं राहून शेवटपर्यंत ऐकलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा.

हुंदका चांगला घेतला आहेस. श्वास बरोबर जागी तोडलास, सूरही सुटला नाही. पण बारके, माझ्याइतका नाही जमला.

तुझी,
ताई